खात्याची शेवटची तारीख



वालूरच्या चक्राकार बारवेत गाळ साचला होता, तोवर खालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. गावकऱ्यांनी गाळ उपसला, तेव्हा त्या दिसल्या. आपल्या बँकेच्या पासबुकातही असाच गाळ साचतो, तो कसा ते सांगतो.

समजा, एकाने २०२३ च्या पोळ्याला हजार रुपये काढले आणि मग बँकेकडे फिरकलाच नाही. तरी पासबुकात ओळी वाढतच राहतात: व्याज जमा, आकार वजा. शेवटची ओळ गेल्या तिमाहीची! तो म्हणतो, "माझं खातं तर चालू आहे." पण या ओळी बँकेच्या, त्याच्या हातच्या नव्हेत.

रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की बचत खात्यात खातेदाराकडून दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार झाला नाही, तर ते निष्क्रिय ठरते. व्याज आणि आकार यात धरत नाहीत. दहा वर्षे असेच गेले, तर रक्कम २०१४ साली स्थापन झालेल्या ठेवीदार निधीत जाते. पैसा बुडत नाही. खातेदाराला वा वारसाला तो मागता येतो. पण हेलपाटे कुणाला हवेत?

बँकेच्या संगणकात प्रत्येक व्यवहाराची वेगळी नोंद असते. कारकुनाने खातेक्रमांक घातला, की पडद्यावरच्या नमुन्यात नाव, गाव, शिल्लक येते. तिथेच शेवटच्या व्यवहाराची तारीखही दिसावी. ती हाताने भरायची नाही. नोंदींतून सर्वांत अलीकडची तारीख संगणकानेच निवडायची. मात्र आधी बँकेच्या नोंदी वगळायला हव्यात, नाही तर व्याजाचीच तारीख वर येईल आणि निजलेले खाते जागे दिसेल. खातेदाराची एकही नोंद नसेल, तर जागा कोरी ठेवावी.

गुरुजी, फळ्यावर एक काल्पनिक खाते मांडा. दहा ओळी लिहा. मुलांना बँकेच्या ओळी पुसायला लावा आणि उरलेल्यांतली शेवटची तारीख विचारा. हीच मुले घरी आजीचे पासबुक वाचतील.

आणि बंधूंनो, बाजाराला जाल तेव्हा पासबुक भरून घ्या. आपल्या हातच्या शेवटच्या ओळीखाली रेघ ओढा. दोन वर्षे होत आली असतील, तर थोडे पैसे टाका किंवा काढा. खाते निष्क्रिय झालेच असेल, तर ओळखीची कागदपत्रे घेऊन आपल्या बँकेच्या कोणत्याही शाखेत जा. ते पुन्हा चालू करण्यास आकार लागत नाही.