वीस मिलिमीटरच्या वाटेने
विद्यार्थ्यांच्या शर्यत-मोटारीचा श्वासमार्ग

(तंत्रशिक्षणविषयक भाषणाचा मजकूर)



मोटारीचा विषय निघाला की पेट्रोलचा विचार प्रथम मनात येतो. हवेचा विचार सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी जवळजवळ १५ किलो हवा लागते. पेट्रोल विकत घ्यावे लागते आणि हवा फुकट मिळते, म्हणून हवेचा हिशेब कोणी ठेवीत नाही, इतकेच. मात्र हवाच मोजून मिळू लागली, तर इंजिनाची सारी रचना नव्याने तपासावी लागते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या शर्यत-मोटारींच्या स्पर्धेत नेमके हेच घडते.

स्पर्धा आणि तिचा नियम

ही स्पर्धा मूळची अमेरिकेतील. ‘फॉर्म्युला एसएई’ या नावाने ती १९८१ साली ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात सुरू झाली. १९९८ साली ती ब्रिटनमध्ये पोहोचली. भारतात २०११ साली ‘सुप्रा’ ही याच धर्तीची स्पर्धा चेन्नईजवळ भरली आणि पुढे कोइंबतूरजवळील कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ ही स्पर्धा भरू लागली. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ या स्पर्धांत उतरत आले आहेत.

स्पर्धेत एकूण १,००० गुण असतात. ते केवळ वेगासाठी नसतात. त्यांपैकी १५० गुण रचनेच्या परीक्षेचे. त्या वेळी अनुभवी अभियंते गाडीपाशी उभे राहून विद्यार्थ्यांना प्रत्येक भागाविषयी ‘हे असेच का?’ असा प्रश्न विचारतात.

इंजिन चार धावांचे आणि ७१० घन सेंटिमीटरपर्यंतचे असावे, असा नियम आहे. मोटारसायकलचे ६०० घन सेंटिमीटरचे शर्यती इंजिन मोकळ्या श्वासाने १०० हून अधिक अश्वशक्ती देते. शिकाऊ चालकाच्या हलक्या गाडीत एवढी शक्ती देणे धोक्याचे. शिवाय ज्याच्याजवळ महागडे इंजिन, तोच पुढे जाणार. यावर नियमकर्त्यांनी साधा उपाय योजला. पेट्रोल-इंजिनात जाणारी सर्व हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच वर्तुळाकार वाटेने गेली पाहिजे. या अरुंद भागास ‘रिस्ट्रिक्टर’ म्हणतात. बाहेरून प्रथम थ्रॉटल, मग रिस्ट्रिक्टर आणि मग इंजिन, असा क्रमही साध्या श्वासाच्या इंजिनासाठी ठरलेला आहे.

निसर्गाने घातलेली मर्यादा

इंजिनाने जोर लावून ओढले, तर अरुंद वाटेनेही हवी तितकी हवा येईल, असे प्रथमदर्शनी वाटते. तसे घडत नाही. वाटेच्या सर्वांत अरुंद ठिकाणी हवेचा वेग ध्वनीच्या वेगाइतका झाला की पलीकडून कितीही ओढले तरी प्रवाह वाढत नाही. समुद्रसपाटीचा दाब आणि २७ अंश सेल्सियस तापमान धरले, तर २० मिलिमीटरच्या वाटेने सेकंदाला फार तर ७४ ग्रॅम हवा जाऊ शकते. प्रत्यक्षात घर्षणामुळे त्याहून थोडी कमीच.

हा आकडा बाहेरच्या दाबाच्या प्रमाणात बदलतो. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने तेथे हवेचा दाब सहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. साहजिकच ही कमाल मर्यादाही तितकीच खाली येते. पुण्याच्या कर्मशाळेत घेतलेली मोजमापे दुसऱ्या गावच्या धावपट्टीवर जशीच्या तशी लागू पडत नाहीत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवले पाहिजे.

सरासरीचा फसवा दिलासा

आता एका प्रत्यक्ष इंजिनाचा हिशेब करून पाहणे उपयुक्त ठरेल. २०१३ साली भारतात आलेले केटीएमचे ३७३ घन सेंटिमीटरचे एका सिलिंडरचे इंजिन चाकण येथील बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार झाले आणि अनेक भारतीय विद्यार्थी-संघांनी ते आपल्या गाडीत बसविले. मिनिटाला ९,००० फेरे या गतीने ते चालत असता सेकंदाला ७५ वेळा हवा ओढते. सिलिंडर दर खेपेस पूर्ण भरतो असे मानले, तर सेकंदाला २८ लिटर, म्हणजे सुमारे ३३ ग्रॅम हवा लागते. मर्यादा ७४ ग्रॅमची; गरज तिच्या निम्म्याहूनही कमी. मग काळजीचे कारण काय, असे कोणासही वाटेल.

नवशिके संघ येथेच फसतात. ३३ ग्रॅम ही सरासरी झाली. एका सिलिंडरचे इंजिन अखंड श्वास घेत नाही. चार धावांपैकी एकच धाव हवा ओढण्याची असते. झडप थोडी आधी उघडते आणि उशिरा मिटते हे जमेस धरले, तरी एकूण वेळेच्या सुमारे एक-तृतीयांश काळच हवा आत जाते. म्हणजे त्या काळापुरती गरज तिप्पट, सेकंदाला जवळजवळ १०० ग्रॅमच्या दराची होते. अरुंद वाट तेवढे देऊ शकत नाही. त्या क्षणी इंजिन गुदमरते आणि उरलेला दोन-तृतीयांश काळ तीच वाट रिकामी राहते.

गावच्या टाकीचा दृष्टांत

ग्रामपंचायतीच्या सदस्यांना ही अडचण नवी वाटणार नाही. विहिरीवरील पंप दिवसभर थोडे थोडे पाणी चढवितो. गाव मात्र सकाळच्या दोन तासांत बहुतेक सारे पाणी भरून घेते. पंप थेट नळांना जोडला, तर सकाळी कोणासच पुरेसे पाणी मिळणार नाही आणि दुपारी पंप रिकामा बसेल. म्हणून मध्ये टाकी बांधतात. गाडीतही रिस्ट्रिक्टर आणि इंजिन यांच्यामध्ये हवेची टाकी बसवितात. तिला ‘प्लेनम’ असे नाव आहे. झडप मिटलेली असताना रिस्ट्रिक्टर ही टाकी भरीत राहतो आणि झडप उघडताच इंजिन तीतून एकदम श्वास घेते.

टाकी किती मोठी असावी? इंजिनाचा एक घोट ३७३ घन सेंटिमीटरचा. टाकी एक लिटरची असेल तर एका घोटात तिच्यातील तिसऱ्या हिश्शाहून अधिक हवा निघून जाईल आणि दाब कोसळेल. टाकी तीन लिटरची असेल तर एक-अष्टमांशच जाईल. घोट चालू असताना रिस्ट्रिक्टरमधून भर पडतच असल्याने प्रत्यक्ष घट याहूनही कमी होते. पण म्हणून दहा लिटरची टाकी बसविणे शहाणपणाचे नव्हे. थ्रॉटल रिस्ट्रिक्टरच्याही आधी असल्यामुळे चालकाने पाय दाबला की प्रथम टाकी भरावी लागते, मग इंजिनास जोर येतो. वळणावळणाच्या मार्गावर ही दिरंगाई चालकास जाणवते. पुरेशी मोठी आणि शक्य तितकी लहान, या दोन टोकांमधील माप काढणे हीच खरी रचना होय.

टाकीच्या आकाराकडेही पाहिले पाहिजे. थ्रॉटल मिटलेला असताना आतील दाब बाहेरच्या निम्म्यापर्यंत किंवा त्याखालीही उतरतो. २० सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद अशी सपाट भिंत असेल, तर तिच्यावर बाहेरच्या हवेचा सुमारे १५० किलोचा भार येतो. पातळ भिंत अशा वेळी आत दबते, सांधे उकलतात. म्हणून जाणते संघ टाकीस गोलाई देतात.

घशाची घडण आणि नळीची लांबी

२० मिलिमीटरची वाट सर्वांना सारखीच. परंतु तिची घडण सारखी नसते. पत्र्याला नुसते धारदार भोक पाडले, तर प्रवाह कडेपासून सुटून भोकापेक्षाही अरुंद होतो. त्याऐवजी तोंड कर्ण्यासारखे गोलसर ठेवून पुढील भाग हळूहळू रुंद करीत नेला, तर वेगात खर्ची पडलेला दाब पुष्कळसा परत मिळतो. इटालियन शास्त्रज्ञ व्हेन्तुरी यांनी १७९७ साली प्रसिद्ध केलेल्या पाण्याच्या प्रवाहाविषयीच्या अभ्यासाशी ही युक्ती निगडित आहे. नळपाणी योजनेत पाणी मोजणारे व्हेन्तुरी मापक याच तत्त्वावर चालते. रुंदावणाऱ्या भागाचा उतार अक्षाशी चार ते सात अंशांचा ठेवण्याची रीत आहे. पाच अंश धरले, तर २० मिलिमीटरवरून ४५ मिलिमीटरपर्यंत जाण्यास सुमारे १४३ मिलिमीटर लांबी लागते. सात अंशांत १०२ मिलिमीटर पुरतात. घाई करून उतार वाढविला, की प्रवाह भिंत सोडतो आणि लाभ हातचा जातो.

टाकीपासून झडपेपर्यंतच्या नळीलाही गुण असतो. पिस्टनने हवा ओढताच नळीत दाबाची लाट उठते; ती टाकीपर्यंत जाऊन परतते. परतणारी लाट झडप मिटण्याच्या सुमारास पोहोचली, तर ती थोडी अधिक हवा आत लोटते. ध्वनीची लाट सेकंदाच्या हजाराव्या भागात सुमारे ३४ सेंटिमीटर जाते. नळी २५ सेंटिमीटरची असेल तर जाऊन-येऊन तिला अशा दीड भागाचा वेळ लागतो. तेवढ्या वेळात ६,००० फेऱ्यांच्या गतीस इंजिनाचा दांडा ५४ अंश फिरतो, तर १२,००० फेऱ्यांस १०८ अंश. अर्थात एक लांबी सर्व गतींना साधत नाही. कोणती गती साधायची, हे धावमार्ग पाहून ठरवावे लागते. या स्पर्धेचा २२ किलोमीटरचा दमदार टप्पा वळणांनी भरलेला असतो आणि तेथील सरासरी वेग ताशी सुमारे ५० किलोमीटरच असतो. सबब, अगदी वरच्या गतीत दोन अश्वशक्ती अधिक मिळविण्यापेक्षा मधल्या गतीतील जोर अधिक उपयोगी पडतो.

गळतीला क्षमा नाही

एवढे सारे करूनही सांध्यातून हवा झिरपली, तर श्रम व्यर्थ जातात. त्या हवेचा हिशेब इंधन सोडणाऱ्या यंत्रणेजवळ नसतो, म्हणून मिश्रण बिघडते. शिवाय तो नियमभंगही ठरतो. परीक्षक घशाचा व्यास मापकाने तपासतात. तसेच इंजिन चालू असता श्वासमार्गाचे तोंड बंद करतात. इंजिन बंद पडले पाहिजे. ते चालत राहिले तर चोरवाट आहे हे उघड होते. या परीक्षेत शब्दांचे चातुर्य चालत नाही.

हे ज्ञान उद्या उपयोगी पडेल काय?

विजेच्या गाड्या येत असता श्वासमार्गाचा अभ्यास कशासाठी, असा प्रश्न पालक आणि शिक्षक विचारू लागले आहेत. प्रश्न रास्त आहे. जर्मनीतील विद्यार्थी-स्पर्धेत २०१० साली विजेच्या गाड्यांचा स्वतंत्र गट सुरू झाला आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनी ब्रिटनमधील स्पर्धेत विजेवरच्याच गाड्या उतरविल्या. त्या गाड्यांत ना रिस्ट्रिक्टर, ना प्लेनम.

तरीही सरासरी गरज आणि क्षणिक गरज यांतील फरक तेथेही सुटत नाही. विद्युत्घटाला, रोहित्राला, जलवाहिनीला आणि धान्याच्या कोठारालाही तोच हिशेब लागू आहे. पुरवठा मर्यादित आणि मागणी झटक्यांची असेल, तर साठा किती ठेवावा, हे ज्याने एकदा स्वतः काढून, बांधून आणि मोजून पाहिले, त्याला ते अन्यत्र करता येते. गेल्या वर्षीच्या संघाचे आराखडे उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्यास गाडी मिळेल. ही दृष्टी मिळणार नाही, आणि परीक्षकाच्या पहिल्याच ‘का’पाशी तो अडखळेल.

म्हणून महाविद्यालयांनी आपल्या संघाकडून एक साधी वही मागावी. तिच्या डाव्या पानावर काढलेला आकडा, उजव्या पानावर मोजलेला आकडा आणि दोहोंत अंतर का पडले याची खाली एक ओळ असावी. गाडी शर्यतीत मागे राहिली तरी ती वही पुढच्या तुकडीच्या हाती पडेल, आणि पुढची गाडी तिच्यातील शेवटच्या ओळीपासून सुरू होईल.