हेरखात्याच्या कचेरींतील वाचनाचा वर्ग



हेर म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें वेषांतर केलेला, भिंतीला कान लावून बसलेला मनुष्य उभा राहतो. बहिर्जी नाइकाच्या कथा ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांस तर दुसरें चित्र सुचावयाचेंच नाहीं. परंतु अमेरिकेच्या मध्यवर्ती गुप्तवार्ता संस्थेंत, जिला सारें जग सी. आय. ए. या नांवानें ओळखतें, पुष्कळ माणसांचें आयुष्य टेबलाशीं बसून कागद वाचण्यांतच जातें. परदेशचीं वर्तमानपत्रें, वकिलातींचे अहवाल, परकी नभोवाणीवरील भाषणांचीं टिपणें. होय, भाषणांचीं! अमेरिकन सरकारनें १९४१ सालीं परकी नभोवाणी ऐकण्यासाठीं एक स्वतंत्र खातें उघडलें, तें पुढें याच संस्थेकडे आलें. तेव्हां मजसारख्या वक्त्यानें जपूनच बोललेलें बरें.

ही संस्था १९४७ सालीं स्थापन झाली आणि १९५१ सालीं तिनें आपल्या नोकरांच्या शिक्षणाचें निराळें खातें काढलें. तेथें परकी भाषा शिकवीत, अहवाल लिहिण्याची रीत शिकवीत, आणि वाचन सुधारण्याचाहि एक वर्ग चाले. शाळामास्तर म्हणून मला याचेंच अधिक नवल वाटलें. विश्वविद्यालयाच्या पदव्या घेतलेले प्रौढ गृहस्थ पुन्हां विद्यार्थी होऊन वाचावयास शिकत! कारण उघड होतें. टेबलावरचा ढीग रोज वाढे, दिवस मात्र चोवीस तासांचाच राही.

त्या काळीं अमेरिकेंत वेगानें वाचण्याचें मोठें वेड होतें. दुसऱ्या महायुद्धांत ओहायो संस्थानच्या विश्वविद्यालयांतील रेनशॉ या मानसशास्त्रज्ञांनीं पडद्यावर विमानाची आकृति क्षणार्ध दाखवून ती ओळखण्याची संवय आरमारी लोकांस लावली होती. विमान क्षणांत ओळखतां येतें, तर शब्दांचा घोंस कां ओळखतां येऊं नये, असा तर्क निघाला. ओळींवरून पट्टी खालीं सरकविणारीं यंत्रेंहि निघालीं. वाचक मागें वळून पाहूं लागला, तर ओळ झांकली गेलेली!

तर्क आकर्षक खरा, पण डोळ्याला तो मान्य नव्हता. आपली दृष्टि ओळीवरून ओघळत जात नाहीं, ती उड्या मारते. इंग्रजी वाचतांना एका उडींत सात ते नऊ अक्षरें ओलांडलीं जातात, मग ती सुमारें पाव सेकंद थबकते, आणि वाचणें होतें तें त्या थबकण्यांत. दहांत एखादी उडी मागेंहि जाते, पण ती आळसाची खूण नव्हे. जें नीट उमगलें नाहीं तें पुन्हां पाहण्यासाठीं मनच डोळ्यास परत पाठवीत असतें. कीथ रेनर व त्यांचे सहकारी यांनीं या विषयावरील संशोधन तपासून लिहिलेला लेख २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. वेग दुपटी-तिपटीनें वाढविला तर समज उणी होते, आणि वाचन खरोखर सुधारावयाचें तर भाषेचा परिचय व शब्दसंपत्ति वाढविली पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

हें वाचलें आणि मला माझ्या वर्गांतला एक मुलगा आठवला. धडा वाचतांना तो वाक्याच्या मध्यावरून मागें फिरे, आणि मी छडीनें टेबल वाजवून त्याला पुढें हांकीत असें. आगगाडीसारखें धडधडत वाचणाऱ्याला शाबासकी देई. अर्थ विचारला कीं उत्तर मात्र या मागें फिरणाऱ्याचेंच बरोबर येई. तरीहि पुढें कित्येक वर्षें माझी छडी वाजतच राहिली.

परंतु भरभर कीं सावकाश, याहून अवघड प्रश्न त्या संस्थेपुढें उभा राहिला. येल विश्वविद्यालयांत इतिहासाचे प्राध्यापक असलेले शर्मन केंट तेथें सरकारसाठीं अंदाज तयार करणाऱ्या मंडळांत होते. १९५१ सालीं मंडळानें लिहिलें कीं, सोव्हिएट गटाकडून युगोस्लाव्हियावर त्या वर्षीं स्वारी होणें ही 'गंभीर शक्यता' समजावी. थोड्या दिवसांनीं परराष्ट्रखात्यांतील एका वरिष्ठ अधिकाऱ्यानें सहज विचारलें, म्हणजे किती? केंट म्हणाले, शंभरांत ६५. अधिकारी दचकलाच, त्यानें ती पुष्कळ कमी धरली होती. केंट यांनीं मग आपल्या सहकाऱ्यांस एकेकट्यास विचारलें. कोणी २० म्हणाला, कोणी ८०. जें वाक्य सर्वांनीं एकमतानें मान्य केलें होतें, त्याचा अर्थ प्रत्येकाच्या मनांत निराळा होता! आणि त्या वाक्यावर एका राष्ट्राचें धोरण ठरावयाचें होतें.

केंट यांनीं अशा शब्दांची किंमत ठरवून टाकण्याचा आग्रह धरला. 'बहुधा' म्हणजे शंभरांत सुमारें ७५, 'जवळजवळ निश्चित' म्हणजे सुमारें ९३. शब्दांच्या छटांवर जीव असलेल्या सहकाऱ्यांस त्यांनीं कवि म्हटलें, आणि या कवींनीं त्यांचें फारसें चालूं दिलें नाहीं. ही सारी हकीकत त्यांनीं १९६४ सालीं स्वतःच लिहून ठेविली आहे. पुढें २००० सालीं संस्थेनें विश्लेषकांसाठीं शाळा काढली तिला त्यांचेंच नांव दिलें, आणि अमेरिकन गुप्तवार्ता खात्यांच्या २०१५ च्या नियमांत तर अशा शब्दांचें कोष्टकच आहे.

गेल्या दिवाळीपूर्वीं आमच्या चिरंजीवांचें पत्र आलें, "बहुधा येईन." तें हातीं घेऊन मीं घरांत सर्वांस विचारलें, शंभरांत किती? त्याच्या आईनें ९० सांगितले आणि अनारशांसाठीं तांदूळ भिजत घातले. धाकटी ५० म्हणाली. मीं ३० धरले होते, कारण त्याच्या कचेरींत रजा कशी मिळते तें मला ठाऊक आहे. अखेर त्यालाच विचारलें. उत्तर आलें कीं, तो शब्द त्यानें तसा कांहीं विचार करून लिहिलाच नव्हता.