रात्रीचा बाजार आणि बाईची भूक

(गटाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण)



मला तैवानमधल्या प्रशिक्षणाबद्दल बोलायला सांगितलं होतं. त्याचा अहवाल मी लेखी दिला आहे, तो कार्यालयात आहे. आज मी फक्त एका संध्याकाळीबद्दल बोलणार आहे. तैपेईतल्या राओहे रस्त्यावर रात्रीचा बाजार भरतो, तिथे मी खायला गेले होते. खाण्यावर कसलं भाषण, असं वाटेल. पण आधी सांगा, रात्री नऊनंतर, काही काम नसताना, एकटी, निव्वळ खायला म्हणून कोण कोण बाहेर पडलं आहे? हात वर करा. तीन हात. त्यातल्या दोघी हॉस्टेलवर राहणाऱ्या.

राओहेचा बाजार जेमतेम सहाशे मीटरचा. संध्याकाळी पाचच्या सुमाराला गाड्या लागतात, त्या मध्यरात्रीपर्यंत. एका टोकाला मात्सू देवीचं देऊळ आहे. मात्सू ही समुद्रावर गेलेल्यांना सांभाळणारी. आख्यायिका अशी की ती ९६० साली जन्मलेली, लग्न न करता राहिलेली मुलगी होती. (आपल्याकडे अशा मुलीला देवी करण्याआधी चार स्थळं आणली असती.) देवळाजवळच मिरीच्या पावांसाठी रांग. मातीची भट्टी, तळाला कोळसा, आणि आतल्या भिंतीला पाव चिकटवलेले, अगदी आपल्या तंदूरसारखे. आत डुकराचं मटण, पातीचा कांदा आणि भरपूर मिरी. पहिल्याच घासाला जीभ पोळली. पुढे कालवं. कोकणातल्या मैत्रिणींना ती माहीत आहेत; तिथे रताळ्याच्या सत्त्वाच्या पातळ पिठात कालवं, अंडं आणि पालेभाजी घालून तव्यावर पोळी करतात. चिकट लागते, पण छान. मग आंबवून तळलेलं सोयाबीनचं पनीर. सुकटीत वाढलेली मी, पण त्या वासाने मीही दोन पावलं मागे सरले. खाल्लं मात्र सगळं.

खाणारी माणसं कोण होती? ऑफिसातून परस्पर आलेल्या बायका, कॉलेजच्या मुली, नातवाला घेऊन आलेली आजी. एकट्या बसून शांतपणे जेवणाऱ्याही पुष्कळ. तासाभराने माझ्या लक्षात आलं की मी पर्स छातीशी धरलेली नाही.

परदेशात हे असंच असतं, असं कृपा करून म्हणू नका. ३० नोव्हेंबर १९९६ रोजी पेंग वान-रू ही स्त्रीचळवळीतली कार्यकर्ती, एका राजकीय पक्षाच्या महिला विभागाची प्रमुख, काऊश्युंग शहरात रात्री टॅक्सीत बसली. तीन दिवसांनी तिचं प्रेत सापडलं. २१ डिसेंबरला तैपेईत बायकांनी रात्रीच्या रस्त्यावर मोर्चा काढला. स्त्रीहक्कांच्या ज्योतीने रात्रीची वाट उजळू दे, असं त्याचं नाव होतं. लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचा मसुदा तोवर विधिमंडळात रखडला होता, तो वर्ष संपता संपता मंजूर झाला. मेट्रोच्या फलाटावर रात्री थांबायला कॅमेऱ्याच्या नजरेतली जागा आखलेली दिसते. स्टेशनात स्वच्छ, फुकट संडास आहेत. आपल्याकडे ‘राइट टू पी’ मोहिमेतल्या मैत्रिणी २०११ पासून मुंबईत हेच मागत आल्या. कालवं चवीने खायला हेही लागतं. नाहीतर बाई पाणीसुद्धा पीत नाही.

आता गाडीमागच्या बाईबद्दल. पनीर विकणाऱ्या जोडप्याशी मी दुभाषी मैत्रिणीमार्फत बोलले. नवरा तळत होता. बाई पैसे घेत होती, बशा विसळत होती, आणि मागे स्टुलावर अभ्यास करणाऱ्या मुलीकडे लक्षही ठेवत होती. मी विचारलं, “घरी स्वयंपाक कोण करतं?” ती हसली. “घरी कोण असतं संध्याकाळी? आम्ही शेजारच्या गाडीवर जेवतो.” झोपायला दोन वाजतात म्हणाली. मला तिचा हेवा वाटला आणि काळजीही वाटली. शेकडो घरांतल्या बायकांची संध्याकाळची चूल या बाजारामुळे सुटते, हे खरं. पण ते रांधणं नाहीसं झालेलं नाही, हिच्याकडे आलं आहे. फरक एवढाच की तिला त्याचे पैसे मिळतात, आणि नवराही कढईपुढे उभा असतो. हा फरक लहान नाही, असं माझं मत. तुमच्यातल्या काहींना पटणार नाही, त्यावर चर्चा होऊ दे.

आपल्या २०१४ च्या फेरीवाला कायद्याने शहर फेरीविक्रेता समितीत चाळीस टक्के तरी विक्रेत्यांचे प्रतिनिधी हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका, असं सांगितलं आहे. आपल्या खाऊगल्लीतल्या किती भाजीवाल्या, वडेवाल्या मावशींना हे ठाऊक आहे? म्हणून एक सुचवते. येत्या शनिवारी रात्री साडेनऊला तिथे जाऊ. पोटभर खाऊ, मावशींशी बोलू, संडास कुठे आहे ते शोधू, शेवटची बस किती वाजता ते पाहू. कोण कोण येतंय ते चहाच्या वेळी या वहीत लिहा. नवऱ्याला विचारून सांगते म्हणणारीनेही नाव आत्ताच लिहावं.