लॅथ्रॉपच्या कामगारांना पडलेला प्रश्न

रसायनं आणि पुरुषाची प्रजननक्षमता या विषयावर हल्ली बरंच बोललं जातं. मी आज एकाच रसायनाबद्दल बोलणार आहे, कारण त्याच्याबाबत शंकेला जागा उरलेली नाही. त्याचं नाव डीबीसीपी. बाजारात ते नेमागॉन म्हणून विकलं जाई. पिकांच्या मुळांना लागणारे सूत्रकृमी मारायला ते जमिनीत सोडत.

कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉपला ते तयार करणारा कारखाना होता. तिथल्या कामगारांच्या आपसातल्या बोलण्यातून एक गोष्ट पुढे आली: आपल्यापैकी अनेकांच्या घरी पाळणाच हलत नाही. १९७७ साली त्यांची वीर्यतपासणी झाली. नसबंदी न झालेल्या २५ जणांपैकी १४ जणांच्या वीर्यात शुक्रजंतू एकतर अजिबात नव्हते किंवा फारच कमी होते. ही धडधाकट, कष्टाची कामं करणारी माणसं. त्यांचं टेस्टोस्टेरॉन अगदी ठीक होतं. म्हणजे दाढी-मिशा, ताकद, वैवाहिक सुख, कशातच फरक नाही. डीबीसीपीचा घाव बसतो तो वृषणातल्या, शुक्रजंतूंना जन्म देणाऱ्या मूळ पेशींवर. मेंदूतळाची पियुषिका ग्रंथी मग जास्त संप्रेरक सोडून त्यांना कामाला लावू पाहते. रक्तात एफएसएच हे संप्रेरक वाढलेलं दिसतं ते त्यामुळे. पण पेशीच मेल्या असतील तर ती तरी काय करणार? काम सुटल्यावर काहींचे शुक्रजंतू परतले. ज्यांचे पार संपले होते, त्यांच्यातल्या अनेकांचे परतले नाहीत.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती पुढच्या गोष्टीची. हे रसायन हुंगलेल्या उंदरांचे वृषण आक्रसतात, हे १९६१ सालीच छापून आलं होतं. उत्पादक कंपन्यांना ते ठाऊक होतं. मधल्या सोळा वर्षांत कामगाराला कोणी विचारलं नाही, की बाबा, तुला मूलबाळ आहे का?

अमेरिकेने १९७९ मध्ये बंदी घातली, तीही हवाईतल्या अननसाला वगळून. तिथला वापर १९८५ पर्यंत चालला. हेच रसायन वापरणाऱ्या मध्य अमेरिकेतल्या केळीबागांच्या मजुरांनी न्यायासाठी कित्येक वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. आणि कॅलिफोर्नियाच्या शेतीपट्ट्यातल्या भूजलात डीबीसीपी बंदीनंतर कित्येक दशकांनीही सापडत राहिलं. पिण्याच्या पाण्यातली त्याची मर्यादा लिटरला ०.२ मायक्रोग्रॅम ठरवावी लागली.

आपल्याकडे मूल होत नसलं की आधी सुनेला डॉक्टरकडे नेतात. माझी हात जोडून विनंती आहे: वीर्यतपासणी साधी आणि स्वस्त आहे, ती आधी करा. आणि फवारणी करत असाल, रसायनांच्या कारखान्यात असाल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपलं काम त्यांना सांगा.