अंगठ्याचे दुखणे आणि आपली भेट
(भगिनी मंडळाच्या सभेतील भाषण)



पाड्यांवरच्या कुटुंबांसाठी आपण प्रेमाने पादत्राणे पाठवता. म्हणूनच आज मी पायाच्या अंगठ्याविषयी बोलणार आहे.

काहींच्या अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला, हाडाचा उंचवटा येतो आणि अंगठा शेजारच्या बोटांकडे कलतो. डॉक्टर याला ‘हॅलक्स व्हॅल्गस’ म्हणतात. ही पायाची ठेवण पुष्कळदा घराण्यातूनच येते. चिंचोळ्या, टोकदार बुटांनी दुखणे वाढते.

पहिला उपाय चपलेचाच. ती पुढून रुंद, कमी टाचेची व मऊ तळाची हवी. उंचवट्यावर मऊ गादी लावावी, ठणका लागला तर कापडात गुंडाळून बर्फ धरावा, वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. बोटांमधल्या रबरी तुकड्याने किंवा पट्ट्याने आराम पडतो. पण कललेले हाड सरळ होत नाही.

ते काम शस्त्रक्रियेचे. हाड कापून जागेवर आणतात आणि बहुधा स्क्रूने बसवतात. नंतर साधारण सहा आठवडे खास बूट वापरावा लागतो, सूज काही महिने राहते. त्यामुळे इतर उपायांनी दुखणे थांबत नसेल तरच हा मार्ग. केवळ दिसण्यासाठी नव्हे.

आमच्या पाड्यावरच्या एक मावशी मला म्हणाल्या, “बाय, मी सहा आठवडे बसले तर लावणी कोण करील?” प्रश्न रास्त आहे. अशा बाईला कापणीनंतरची तारीख, दवाखान्याचे गाडीभाडे आणि तेवढ्या दिवसांचे धान्य मिळाले, तरच शस्त्रक्रिया शक्य होते.

एक सावधगिरी. पाय बधिर असेल, जखम होऊनही दुखत नसेल, तर तो कुष्ठरोग किंवा मधुमेह असू शकतो. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. कुष्ठरोगाची औषधे तेथे मोफत मिळतात. सांधा एकाएकी लाल, गरम झाला तरीही डॉक्टरांना दाखवावे.

तेव्हा विनंती एवढीच : टोकदार जुने बूट पाठवू नका. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात. त्या वेळी प्रत्येकाला कागदावर उभे करून आम्ही पायाचा आकार काढून आणू. त्या मापाच्या रुंद चपला द्या. थोड्या दिल्या तरी चालतील, पण पायात बसतील अशा द्या.