घरी परतणारा शिपाई



आम्ही शाळा लवकर सोडली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. तेथे एक गोष्ट कळली. लढाई संपली म्हणजे शिपाई घरी येतो असे नाही. सोडतील तेव्हा येतो.

जपान शरण येऊन पाच महिने लोटले, तरी ब्रिटिश हवाई दलाचे जवान हिंदुस्थानात अडकलेलेच होते. जानेवारी १९४६ मध्ये कराचीच्या ड्रिघ रोड तळावर त्यांनी काम थांबविले. मुख्य मागणी : आम्हांला घरी पाठवा.

१८ फेब्रुवारीला मुंबईत ‘तलवार’वरील आपल्या नाविकांनी संप पुकारला. निकृष्ट अन्न, अपमानाची वागणूक या तक्रारी होत्याच. पण लवकर सुटका आणि सुटल्यावर नोकरी, हीही मागणी होती. २२ तारखेला गिरणीकामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरले, गोळ्यांना बळी पडले. २३ तारखेला नाविक शरण आले. पुढे शेकडो बडतर्फ होऊन घरी गेले.

स्टेशनवर हार घालणे सोपे असते. दुसऱ्या दिवशी सकाळी घरची माणसे विचारतात, “आता काम काय?” त्या सकाळी आपण त्याच्या दारात उभे असतो काय, एवढेच आम्ही आपल्याला विचारतो.