सलगतेची पारख



यवतमाळकरांपुढे संगणकाच्या स्मृतीविषयी बोलताना आम्ही आरंभ करणार आहोत तो तलाठ्याच्या दप्तरापासून. आठ-अच्या उताऱ्यावर एका खातेदाराची सारी शेते एकाखाली एक मांडलेली असतात. पण ती धुऱ्याला धुरा लागून आहेत की नाहीत, हे त्या कागदावरून कळत नाही. नकाशाच पाहावा लागतो.

आकड्यांच्या चौकोनाचे, म्हणजे मॅट्रिक्सचे, असेच आहे. कागदावर तो चौफुलीच्या कपाशीसारखा दिसतो: आडव्या ओळी, उभे स्तंभ. यंत्राच्या स्मृतीत मात्र क्रमांक घातलेल्या घरांची एकच लांब रांग असते. १९५७ साली आलेली फोर्ट्रान भाषा त्या रांगेत स्तंभामागून स्तंभ भरते. सी भाषा ओळीमागून ओळ.

समजा, ओळीने भरलेल्या तीन ओळी व चार स्तंभ आहेत. पारख करावयाची तर दोन पावले मोजावीत. ओळीतला पुढचा आकडा एका घरावर आणि खालच्या ओळीतला त्याच स्तंभाचा आकडा चार घरांवर सापडला, म्हणजे बाराही आकडे सलग. पण हाच चौकोन दहा स्तंभांच्या मोठ्या मॅट्रिक्सच्या डाव्या कडेचा तुकडा असेल, तर दुसरे पाऊल दहा घरांचे पडते. मध्ये सहा घरे परकी! पडद्यावर दोन्ही चौकोन हुबेहूब सारखे.

ज्या कार्यक्रमाला केवळ ‘येथून बारा आकडे घे’ एवढेच सांगितले आहे, तो पहिल्या ओळीचे दहा आणि दुसरीचे दोन उचलील. बारांतले सहा परके. यंत्र कुरकुरत नाही. उत्तर देते, पण चुकीचे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ साली ‘अर्क’ हा महासंगणक सुरू झाला. पावसाचे अंदाज अशाच आकड्यांच्या जाळ्यांवर मांडले जातात. आजची बहुतेक यंत्रे एका खेपेस चौसष्ट बाइट, म्हणजे आठ मोठे आकडे, आणतात. आकडे विखुरलेले असले की खेपा वाढतात. आणि पेरणी होऊन गेल्यावर आलेल्या अंदाजाचे शेतकऱ्याने काय करावे?

फोर्ट्रानच्या २००८ च्या प्रमाणात सलगतेचा प्रश्न भाषेलाच विचारण्याची सोय आहे. उत्तर ‘नाही’ आले, तर आकडे नव्या जागी सलग उतरवून घ्यावेत. १९४७ च्या कायद्याने जमिनींचे एकत्रीकरण योजले, तसेच हे. त्यालाही वेळ व जागा लागते. म्हणून गरजेपुरतेच करावे. पण विचारल्यावाचून पुढे जाऊ नये, एवढीच आमची विनंती.